१३१ गुण आले, म्हणून राजीनामा द्यावा का?

पत्राचा सारांश : नाशिकजवळच्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत बारा वर्षं कायम नोकरीत असलेल्या ३७ वर्षांच्या वाचक लिहितात : एप्रिलमध्ये अप्रेझलचं पत्र आलं आणि बढती पुन्हा हुकली. त्याच आठवड्यात त्यांनी इंटरनेटवरून दोन प्रश्नावल्या उतरवून घेऊन सोडवल्या. पहिली ३६ विधानांची, नोकरीतलं समाधान मोजणारी. तिचे एकूण गुण १३१ आले, म्हणजे धड समाधानी नाही आणि धड असमाधानीही नाही. दुसरीत कामाकडून काय हवं ते लिहिलेली २० कार्डं पाच रकान्यांत लावायची होती. तिच्यात 'स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणं' सर्वांत वर गेलं आणि 'कायमची नोकरी' शेवटच्या रकान्यात. पुण्यातल्या एका कंपनीची दोन वर्षांच्या कराराची ऑफर हातात आहे, पगार ३० टक्के जास्त. एक्सेलमध्ये महत्त्व आणि समाधान यांचा गुणाकार केला तर नवी नोकरी जिंकते. यजमान म्हणतात, "आकडेच सांगताहेत, मग विचार कसला करतेस?" पण सही करायला हात धजावत नाही. चाचणी चुकली की आपण घाबरट आहोत, असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय पुढच्या महिन्यात कंपनीचा स्वतःचा कर्मचारी सर्व्हे येतोय, त्यात खरं लिहावं का, हेही त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार.

तुम्ही घाबरट आहात की नाही, हे या दोन्ही प्रश्नावल्यांत कुठेच मोजलेलं नाही. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. एकूण आकड्याबरोबर नऊ घटकांचे गुण वेगवेगळे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या १३१ वर बोलण्यासारखं फारसं काही नसतं.

आधी बेरीज बरोबर आहे का ते पाहू. तुमची पहिली प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची, १९८५ सालची. ती मुळात अमेरिकेतल्या समाजसेवी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार झाली आणि पुढे सगळीकडे वापरली जाऊ लागली. नऊ घटक, प्रत्येकाची चार विधानं, 'पूर्णपणे असहमत'पासून 'पूर्णपणे सहमत'पर्यंत सहा पर्याय. मधोमध 'सांगता येत नाही' असा पर्याय मुद्दामच नाही. ३६ पैकी १९ विधानं उलटी, म्हणजे तक्रारीच्या सुरात लिहिलेली आहेत. त्यांचे गुण ७ मधून वजा करून घ्यायचे असतात : १ चे ६, २ चे ५, असं. घरी सोडवणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हे उलटवायचं राहिलं की कामावर खूश असलेला आणि वैतागलेला, दोघांचेही गुण १२६ च्या आसपास येऊन बसतात, कारण सरळ आणि उलटी विधानं एकमेकांना खोडतात. म्हणून १३१ पाहिल्यावर पहिली शंका तीच येते. पण तुमच्या 'कामाचं स्वरूप' या घटकाला २२ गुण आहेत. त्यात तीन विधानं सरळ आणि एक उलटं. उलटवलं नसतं तर अगदी आनंदात असलेल्या माणसालाही तिथे १९ च्या वर जाता आलं नसतं. म्हणजे तुमची मोजणी ठीक आहे.

मराठी भाषांतर वापरलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. "साहेबांना हाताखालच्या माणसांची पर्वा नसते" या धाटणीच्या वाक्यासमोर 'असहमत'वर खूण करायची म्हणजे डोक्यात नकाराला नकार जोडावा लागतो. ड्युटीवरून आल्यावर रात्री दहाला हे हमखास चुकतं. शिवाय 'बऱ्यापैकी सहमत' आणि 'किंचित सहमत' यांत प्रत्येकाचं अंतर वेगळं. तुम्ही नकारार्थी वाक्यांवर टाकलेल्या खुणा पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहा. एकाच घटकातल्या सरळ आणि उलट्या विधानांची उत्तरं एकमेकांशी भांडताहेत असं दिसलं, तर त्या घटकाचे गुण बाद धरा.

आता तुमचे आकडे : पगार १२, बढती ७, वरिष्ठांची देखरेख ११, इतर लाभ १७, चांगल्या कामाची दखल १०, नियम आणि कागदपत्रांचा जाच १३, सहकारी २१, कामाचं स्वरूप २२, कंपनीतला संवाद १८. प्रत्येक घटकाला किमान ४, कमाल २४. वाचायची रीत अशी की १२ पर्यंत असमाधान, १६ पासून वर समाधान, मधलं अधांतरी. एकूण बेरजेला याच्या नऊपट : १०८ पर्यंत असमाधान, १४४ पासून समाधान.

तुमचे १३१ त्या मधल्या पट्ट्यात पडतात, पण तुमच्या नऊपैकी आठ घटक त्या पट्ट्यात नाहीतच! तिथे एकटा कागदपत्रांचा जाच आहे. तुम्ही नोकरीबद्दल उदासीन नाही आहात. काम आणि माणसं तुम्हाला मनापासून आवडतात. बढती, दखल आणि साहेब यांनी मात्र तुमचा जीव मेटाकुटीला आणलाय. या दोन गोष्टींची सरासरी काढली की 'ठीकठाक' असं उत्तर येतं, आणि ते तुमच्या नोकरीतल्या एकाही दिवसाला लागू पडत नाही. (नुसतं एकंदर समाधान हवं असेल तर ३६ विधानांचा खटाटोपही नको. "एकंदरीत नोकरीवर किती समाधानी आहात?" हा एकच प्रश्न बराच पुरतो. १९९७ च्या एका एकत्रित अभ्यासात त्या एका प्रश्नाचा लांबलचक प्रश्नावल्यांशी सहसंबंध ०.६३ निघाला होता; दोन्ही तंतोतंत जुळले असते तर तो १ आला असता.)

एकूण आकड्यावर फार विसंबू नये याचं आणखी एक कारण आहे. त्यात नोकरीबरोबर माणसाचा स्वभावही मिसळलेला असतो. लहानपणापासून वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकऱ्या निराळ्या असूनही त्यांच्या समाधानात साम्य होतं, आणि माणसामाणसांच्या समाधानातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिक असावा असा संशोधकांचा निष्कर्ष होता. त्यावर टीकाही झाली. तरी मैत्रिणीचे १५० आणि तुमचे १३१ अशी तुलना करू नका. स्वतःच्याच नऊ घटकांची आपसात तुलना करा, ती जास्त खरी.

तीही जपून. चार विधानांवर काढलेला घटक म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतला ॲनालिटिकल बॅलन्स, म्हणजे अतिसूक्ष्म वजनकाटा नव्हे. पूर्ण प्रश्नावलीची अंतर्गत विश्वसनीयता (तिची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते; कमाल १) ०.९१ आहे, पण 'बढती'ची ०.७३ आणि 'सहकारी'ची जेमतेम ०.६०. मोजमापातली चूक काढायचं सूत्र सोपं आहे : प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. घटकाचं प्रमाण विचलन ४ धरलं, तर बढतीच्या गुणांत २ इकडे-तिकडे आणि सहकाऱ्यांच्या गुणांत अडीच इकडे-तिकडे हे अगदी नेहमीचं. त्यामुळे दखल १० आणि साहेब ११ यांत फरक मानू नका. बढतीचे ७ हे ५ असोत की ९, असमाधानाचेच. पगाराचे १२ मात्र काठावर आहेत. ते १० ही असू शकतात आणि १४ ही. आणि ऑफर नेमकी पगारावर उभी आहे, हे लक्षात ठेवा.

आता कार्डांकडे वळू. माझ्या मते खरा घोळ इथे झालाय.

तो कार्डांचा संच अमेरिकेच्या कामगार खात्याचा आहे आणि त्याची मुळं मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिस आणि लॉफक्विस्ट यांनी केलेल्या कामात आहेत. २० कार्डं, पाच रकाने, प्रत्येक रकान्यात बरोबर चार. या नियमामुळे कोणीही लावली तरी चार कार्डं शेवटच्या रकान्यात जाणारच, मग ती माणसाला कितीही हवी असोत. या पद्धतीत क्रम कळतो, पण किती हवंय ते कळत नाही. वीसही गोष्टी जिवापाड हव्या असणारा माणूस आणि एकही नको असणारा माणूस, दोघांचा निकाल हुबेहूब सारखा येऊ शकतो.

दुसरं असं की जे हातात आहे ते कार्ड लावताना खाली सरकतं. बारा वर्षं महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार जमा होतोय, नोकरी जाईल ही भीती कधी शिवलेली नाही. अशा माणसाला 'कायमची नोकरी' या कार्डाकडे पाहून काय वाटणार? काहीच नाही. उलट, प्रत्येक निकालपत्रावर आधी साहेबांची मान हलावी लागत असेल, तर 'स्वतःचे निर्णय' हे कार्ड हातात येताच मन उसळून वर येतं. तुमची कार्डं तुमची मूल्यं दाखवतात तितकीच तुमची सध्याची उणीवही दाखवतात, आणि त्या आठवड्यात तर अप्रेझलचं पत्र टेबलावरच होतं. पुण्यात तुमच्या हातात निर्णय आले आणि कराराची शेवटची तारीख जवळ आली, की हीच दोन कार्डं जागा बदलतील अशी बरीच शक्यता आहे.

तिसरं, शेवटी कार्डांचे गट करून त्यांची 'मूल्यं' काढतात. तुमच्या निकालात 'कामाची परिस्थिती' हे मूल्य तळाला आलंय आणि त्याचा अर्थ तुम्ही 'मला सुरक्षिततेची पर्वा नाही' असा लावलाय. त्या एका मूल्यात सहा कार्डं गोळा केलेली असतात : इतरांच्या तुलनेत चांगला पगार, कायमची नोकरी, कामाची बरी जागा, सतत हाताला काम, कामातली विविधता आणि एकट्याने काम करता येणं. तुम्हाला सहकारी प्रिय. म्हणजे 'एकट्याने काम' तुम्ही खाली टाकणारच, आणि तेवढ्याने सगळं मूल्य खाली ओढलं जाणार. कार्डावरचा गुण बघा, मूल्याच्या नावावर जाऊ नका. आणि गंमत पाहा, 'चांगला पगार' हे कार्डही त्याच तळाच्या गठ्ठ्यात आहे. अहवालाला पुरावा मानायचा, तर तो पगारवाढीच्या ऑफरच्याही विरोधात जातो.

एक्सेलमधला गुणाकार तर पुसूनच टाका. दिसायला तो शास्त्रशुद्ध वाटतो, पण तुमच्याच तक्त्यात बघा : बढती, महत्त्व ५ गुणिले समाधान ७ म्हणजे ३५. इतर लाभ, महत्त्व २ गुणिले समाधान १७ म्हणजे ३४. सगळ्यात ठणकणारी जखम आणि जिची तुम्हाला फिकीर नाही अशी सोय, दोघी एका पातळीवर. दुसरी अडचण मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी फार पूर्वीच दाखवली. समाधानाच्या उत्तरात महत्त्व आधीच मुरलेलं असतं. जी गोष्ट बिनमहत्त्वाची, तिच्यावर माणूस फार खूशही होत नाही आणि फार चिडतही नाही, त्याची खूण मध्याजवळ पडते. वरून पुन्हा महत्त्वाने गुणलं की तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. असे गुणाकार करून अंदाज सुधारत नाहीत, हे वारंवार तपासून झालंय.

मग काय करायचं? दोन्ही चाचण्या पुन्हा द्या, पण अशा रीतीने :

समाधानाची प्रश्नावली तीन-चार आठवड्यांनी, आधीची उत्तरं न बघता. अप्रेझल, ऑडिट, रात्रपाळी यांच्या पुढेमागे नको. मागचं नमुना-तपासणीचं काम तुंबलेलं असताना तर मुळीच नको. दोन वेळच्या गुणांतला दोन-तीन गुणांचा फरक सोडून द्या. बढती, दखल आणि साहेब दुसऱ्यांदाही १२ च्या खाली राहिले, तर ती एप्रिलची चिडचिड नाही असं धरून चाला.

कार्डं लावून झाली की क्रमावर थांबू नका. प्रत्येक कार्डापुढे एकच प्रश्न लिहा : माझ्या नोकरीत हे नसेल तर चालेल का? हो किंवा नाही. मिनेसोटाच्या मूळ प्रश्नावलीत गरजांच्या १९० जोड्यांची तुलना झाल्यावर असेच २० सुटे प्रश्न ठेवलेले होते, ते याचसाठी. शेवटच्या रकान्यातल्या 'कायमची नोकरी'पुढे तुमच्याकडून 'चालणार नाही' असं लिहिलं गेलं, तर तुमचा न धजावणारा हात काय सांगत होता ते कळेल.

१९० जोड्या घरी कोणी करणार नाही. सहाच कार्डं घ्या : कायमची नोकरी, पगार, स्वतःचे निर्णय, बढती, पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ, जुळणारे सहकारी. जोड्या होतात पंधरा. प्रत्येक जोडी वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या पिसा आणि दर वेळी एकच निवडा, बरोबरी नाही. कोणतं कार्ड किती वेळा जिंकलं ते मोजा. पगारापेक्षा निर्णय, निर्णयापेक्षा नोकरीची शाश्वती आणि शाश्वतीपेक्षा पगार असं वर्तुळ एखाद्या ठिकाणी झालं, तर त्या तिघांत तुमचं मन ठरलेलं नाही. अशी वर्तुळं दोन-तीन निघाली, तर या घडीला कुठलीच सही करू नका. मग हाच खेळ दुसऱ्या दिवशी एक कल्पना करून खेळा : करार संपायला तीन महिने उरलेत, नूतनीकरणाचं अजून कोणी बोलत नाही आणि घराचा हप्ता चालू आहे. दोन्ही दिवशी वर राहिलेली कार्डं तुमची.

आणि ऑफरलाही त्याच नऊ घटकांवर बसवा. जिथे माहिती नाही तिथे अंदाजाने गुण न देता प्रश्नचिन्ह टाका. माझ्या नजरेला जे दिसतं ते असं : पगार १२ वरून बराच वर जाईल, पण सीटीसीतली (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) ३० टक्के वाढ म्हणजे हातात पडणारी ३० टक्के नव्हे. पीएफ, मेडिक्लेम, रजा, आणि नाशिकचं घर सांभाळून पुण्यात राहायचा किंवा रोजच्या प्रवासाचा खर्च वजा करा. इतर लाभांचे १७ बहुधा खाली येतील. सहकारी आणि कामाचं स्वरूप, तुमचे दोन्ही भक्कम खांब, तिथे प्रश्नचिन्हं आहेत. साहेब, प्रश्नचिन्ह. आणि बढती? दोन वर्षांच्या करारात सहसा बढतीची शिडीच नसते. तुमचं सगळ्यात मोठं दुखणं ज्या घटकात आहे, त्याला ही ऑफर हातच लावत नाही. तिथे करारावरचे लोक कायम होतात का, गेल्या दोन-तीन वर्षांत किती झाले, हे विचारल्याशिवाय त्या घटकाला गुण देऊ नका. तसंच, तुम्हाला मेथड डेव्हलपमेंट (तपासणीच्या नव्या पद्धती बसवण्याचं काम) मिळणार की दिवसभर ठरलेल्या बॅचेसचं एचपीएलसी यंत्रावरचं तेच ते विश्लेषण, निकालावर अंतिम सही कोणाची, आणि या जागेवरचा आधीचा माणूस का गेला, हेही विचारा. तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्याशी फोनवर बोलायला मिळालं तर मुलाखतीतल्या तासाभरापेक्षा जास्त कळेल.

बदलानंतरच्या पहिल्या काही महिन्यांवरूनही निष्कर्ष काढू नका. वेंडी बॉसवेल आणि सहकारी संशोधकांनी नोकऱ्या बदलणाऱ्या व्यवस्थापकांचं समाधान वर्षांमागून वर्षं मोजलं; तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी सोडण्याआधी ते खाली जातं, बदलताच उसळी घेतं आणि पुढे पुन्हा उतरतं. तुम्ही आत्ता त्या आलेखाच्या पहिल्या उतारावर उभ्या आहात. दोन वर्षांच्या करारात तिसरा टप्पा आणि कराराचा शेवट साधारण एकत्रच गाठ घेतील.

मी तुम्हाला 'राहा' असं सांगत नाहीये. बढती ७ असलेल्या ठिकाणी आणखी दहा वर्षं काढणं हाही जुगारच. पण नऊपैकी तीन घटक बिघडलेत आणि तिघांचा संबंध एकाच माणसाशी आणि एकाच प्रक्रियेशी आहे. अशा वेळी नोकरी आणि राजीनामा यांच्या मधे आणखी वाटा असतात. क्यूए (गुणवत्ता हमी), स्टॅबिलिटी किंवा व्हॅलिडेशन अशा जवळच्या विभागात बदली मागा. बढतीचे निकष लेखी मागा, आणि त्यांतला कोणता तुम्ही पुरा केला नाही ते तारखेसह विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर बाहेरच्या नोकऱ्या शोधा, पण कायम जागा. बारा वर्षांच्या क्यूसी अनुभवाला दोन वर्षांचा करार ही एकच बोली येईल असं मानायचं कारण नाही.

कंपनीच्या सर्व्हेबद्दल थोडक्यात. तुमच्या सेक्शनमध्ये सात माणसं आहेत. फॉर्मवर विभाग, लिंग, वय आणि सेवेची वर्षं विचारली की नाव न विचारताही तुम्ही ओळखू येता. आधी एचआरला विचारा की किमान किती जणांची उत्तरं जमल्याशिवाय गटाचा निकाल दाखवला जात नाही. दहाच्या खालचे गट झाकतो असं उत्तर आलं तर निर्धास्त लिहा. आकडाच सांगता येत नसेल, किंवा लिंक तुमच्या कर्मचारी क्रमांकाला जोडलेली असेल, तर खुणा प्रामाणिक करा पण मोकळ्या रकान्यात प्रसंग आणि नावं लिहू नका. लिहिण्याच्या ढंगावरूनही माणूस ओळखता येतो. बढतीच्या निकषांबद्दलचं तुमचं म्हणणं त्या फॉर्ममधून नको. ते स्वतःच्या नावाने, एचआरला ईमेलने जाऊ द्या, आणि तेही सर्व्हेच्या आधी.

ऑफरला उत्तर द्यायची मुदत तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. आठवड्याभराची असेल तर तीन आठवड्यांची मागून घ्या. वरचे प्रश्न विचारायला आणि कार्डं दोनदा लावायला तेवढे दिवस लागतील.